पेरिटोनियल डायलिसिसमधील जंतुसंसर्ग

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या पोटात नळीवाटे द्रव सोडून, पोटातील अवयवांवरच्या पातळ पडद्यातून (पर्युदर) रक्त शुद्ध करण्याच्या पद्धतीला पेरिटोनियल डायलिसिस म्हणतात. या उपचारात पर्युदराला, नळीच्या तोंडाशी किंवा त्वचेखालच्या नळीमार्गात होणारा संसर्ग ही सर्वांत धास्तीची गुंतागुंत होय. पर्युदराला झालेल्या संसर्गास पर्युदरशोथ किंवा पेरिटोनायटिस म्हणतात. या पद्धतीवरच्या अनेक रुग्णांना पुढे रक्ताच्या डायलिसिसकडे वळावे लागते, त्यामागचे एक मोठे कारण हेच असते.

धोका कुठून येतो हे समजण्यासाठी एका अदलाबदलीकडे जवळून पाहावे. हाताने करायच्या पद्धतीत रुग्ण साधारणपणे दिवसातून चार वेळा बॅग बदलतो, म्हणजे पोटातला जुना द्रव काढून बॅगेतला नवा द्रव भरतो. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे केलेले असतात, मास्क लावलेला असतो, पंखा बंद असतो. पोटाबाहेरच्या नळीच्या टोकाची टोपी काढली की नव्या बॅगेची नळी जोडेपर्यंत काही क्षण ते टोक उघडे राहते. तेवढ्यात ते बोटाला किंवा कपड्याला लागले, किंवा त्यावर कोणी खोकले, तर जंतूंना थेट पोटात जाण्याची वाट मिळते. दिवसाला चार म्हणजे वर्षाला 1,460 वेळा हा क्षण येतो. इतक्या वेळा एकही चूक न होणे किती अवघड आहे हे ज्याने ते काम केले आहे त्यालाच कळते. म्हणून संसर्ग झाला की रुग्णाला निष्काळजी ठरवणे अन्यायाचे आहे.

पोटात गेलेल्या जंतूंना तिथे आयतीच सोय मिळते. द्रवात ग्लुकोज असते, आणि जुन्या प्रकारचे द्रव आम्लधर्मी असल्याने संरक्षक पेशी मंदावतात. शिवाय प्रत्येक वेळी निचरा होताना पर्युदरातील भक्षक पेशी आणि प्रतिपिंडे पाण्याबरोबर वाहून जातात. नळीच्या आतल्या भिंतीवर जंतू चिकट थर धरून बसतात, त्या थरात प्रतिजैविके नीट पोचत नाहीत. एकदा बरा झालेला संसर्ग पुन्हा उलटण्यामागे बऱ्याचदा हाच थर असतो.

सर्वाधिक आढळणारे जंतू आपल्या त्वचेवरचेच असतात. कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस हा त्वचेवरचा तुलनेने सौम्य जंतू त्यांतला नेहमीचा. स्टॅफिलोकोकस ऑरियस मात्र अधिक तीव्र त्रास देतो. तो पुष्कळांच्या नाकात राहतो आणि तिथून हातावर, हातावरून नळीच्या तोंडाशी येतो. दुसरा मार्ग आतड्याचा. बद्धकोष्ठता किंवा रक्तातील पोटॅशियमची कमतरता असली की आतड्यातील जंतू भिंत ओलांडून पर्युदरात उतरण्याची शक्यता वाढते. त्यामुळे पोट रोज साफ होणे ही या रुग्णांच्या बाबतीत संसर्ग टाळण्याचीच गोष्ट आहे, आणि तिच्याकडे हवे तेवढे लक्ष दिले जात नाही. मोठ्या आतड्याच्या दुर्बीण-तपासणीपूर्वी प्रतिजैविक देतात आणि पोटातील द्रव काढून टाकतात, तेही याच कारणाने. घरातल्या मांजराने नळी चावल्यामुळे तिच्या तोंडातील पाश्चुरेला जंतूचा पर्युदरशोथ झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. बॅग बदलताना पाळीव प्राणी खोलीबाहेर ठेवायला सांगतात ते उगाच नाही. बुरशीचा संसर्ग तुलनेने विरळा, पण सर्वांत घातक. तो बहुधा प्रतिजैविकांच्या आधीच्या उपचारानंतर येतो. म्हणून प्रतिजैविके चालू असताना सोबत बुरशीविरोधी औषध देण्याची शिफारस आहे.

पहिली खूण बहुतेकदा रुग्णालाच दिसते. निचऱ्याचे पाणी एरवी फिकट पिवळे आणि नितळ असते. भरलेली बॅग छापील कागदावर ठेवून अक्षरे वाचता येतात का हे पाहायला शिकवतात. अक्षरे धूसर झाली तर पाणी गढूळ आहे. पोट दुखणे, ताप, मळमळ सोबत असेलच असे नाही. गढूळ पाण्याची इतरही कारणे असतात, उदाहरणार्थ काही रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे ते दुधाळ होते. तरीही तपासणी होईपर्यंत तो संसर्गच धरायचा, हा नियम मोडू नये. ‘संध्याकाळच्या बॅगेपर्यंत बघू’ असे म्हणून घालवलेले तास महाग पडतात. ती बॅग फेकून न देता सोबत न्यावी.

निदानासाठी तीनपैकी दोन गोष्टी लागतात: पोटदुखी किंवा गढूळ पाणी; किमान दोन तास पोटात राहिलेल्या द्रवात दर मायक्रोलिटरमागे 100 पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यांत निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी); आणि कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या चाचणीत, जंतू वाढणे. नमुना घेतल्यावर कल्चरच्या निकालाची वाट न पाहता प्रतिजैविके सुरू करतात, आणि ती शिरेपेक्षा थेट पोटातील द्रवात मिसळून देणे पसंत करतात. जंतूनुसार उपचार साधारण दोन ते तीन आठवडे चालतो. योग्य औषध देऊनही पाच दिवसांत पाणी नितळ होत नसेल तर नळी काढावी लागते. पेशींची संख्या उतरणीला असेल तर थोडे थांबता येते. बुरशी आढळली तर थांबायचे नाही, नळी लगेच काढायची. त्यानंतरचे आठवडे रक्ताच्या डायलिसिसवर काढावे लागतात. वारंवार होणाऱ्या संसर्गाने पर्युदराची गाळण्याची क्षमताही खालावत जाते.

नळीच्या तोंडाशी पू येणे हे तिथल्या संसर्गाचे ठळक लक्षण. 1968 मध्ये हेन्री टेंकॉफ यांनी नळीला डेक्रॉन या कृत्रिम धाग्याच्या दोन पट्ट्या दिल्या. त्यांत ऊतक वाढून नळी घट्ट बसते आणि जंतूंची वाट अडते. तरी ती ओढली गेली की भोवतीची त्वचा फाटते, म्हणून ती पोटावर चिकटपट्टीने बांधून ठेवतात. तोंडाशी रोज म्युपिरोसिनसारखे प्रतिजैविक मलम लावल्याने स्टॅफिलोकोकस ऑरियसचे संसर्ग घटतात.

1976 मध्ये अमेरिकेतील पोपोविच आणि माँक्रीफ या संशोधकांनी दिवसभर द्रव पोटात ठेवण्याची पद्धत मांडली. सुरुवातीला द्रव काचेच्या बाटल्यांत असे, आणि पर्युदरशोथ इतक्या वेळा होई की पद्धत टिकेल की नाही अशी शंका होती. मग प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. त्यानंतर 1980 च्या दशकात इटलीतून पुढे आलेल्या वाय-आकाराच्या नळीने खरा फरक पाडला: जोडणी झाल्यावर आधी निचरा होतो, जोडताना शिरलेले जंतू पाण्याबरोबर बाहेर धुतले जातात आणि मगच नवा द्रव पोटात जातो. इतकी साधी युक्ती, पण तिने संसर्गाचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. पेरिटोनियल डायलिसिसच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2022 च्या शिफारशींनुसार एखाद्या केंद्रात हे प्रमाण प्रति रुग्ण वर्षाला 0.40 प्रसंगांपेक्षा जास्त नसावे, म्हणजे सरासरी अडीच वर्षांत एकाहून अधिक नको. त्यासाठी परिचारिकेने रुग्णाला शिकवलेली रीत मधूनमधून पुन्हा पाहणे, आणि प्रत्येक संसर्गानंतर ती नव्याने शिकवणे आवश्यक मानतात. कारण महिन्यांमागून महिने सुरळीत गेले की हात धुण्याचा वेळ नकळत कमी होत जातो.