अमेरिकेहून आलात? सकाळचं ऊन जरा टाळा

अमेरिकेत मुलांकडे राहून परतलेल्या मंडळींना घरोघरी एकच सल्ला मिळतो : सकाळी लवकर उठा, गच्चीवर उन्हात बसा, दोन दिवसांत झोप रुळावर येईल. सल्ला आपुलकीचा खरा, पण पहिले दोन-तीन दिवस तो उलटा पडण्याचीच शक्यता जास्त.

डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतू जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर मेंदूत सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका असतो. हेच शरीराचं मुख्य घड्याळ. झोप, शरीराचं तापमान, मेलॅटोनिन हे संप्रेरक, सगळं त्याच्या तालावर चालतं. पेशीत ठरावीक प्रथिनं साठतात, मग विरतात, आणि या चक्राला साधारण एक दिवस लागतो. फळमाशीत ही यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७चं नोबेल मिळालं.

माणसाच्या घड्याळाचा दिवस सरासरी २४ तासांहून दहा-बारा मिनिटं मोठाच असतो. त्यामुळे दिवस लांबवणं त्याला सोपं जातं, आखडणं जड. म्हणून पश्चिमेला जाताना ते रोज साधारण दीड तास सरकतं, पूर्वेला येताना जेमतेम एक. नुसत्या लांबच्या प्रवासाचा हा दोष नव्हे. लंडनहून केपटाऊनला अकरा-बारा तास उडूनही अंग आंबतं तेवढंच, कारण वेळेत फरक एखाद-दोन तासांचा.

आता उन्हाचं गणित. शरीराचं तापमान पहाटे चारच्या सुमारास सर्वांत कमी असतं. त्याआधी डोळ्यांवर प्रकाश पडला तर घड्याळ मागे सरकतं, नंतर पडला तर पुढे. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. म्हणजे तिथले पहाटेचे चार पुण्यात दुपारी दीडला वाजतात! सकाळी सातचं ऊन शरीराच्या लेखी आदल्या रात्री साडेनऊचा झगझगाट ठरतं आणि घड्याळाला भलतीकडेच ढकलतं. तेव्हा सकाळी पडदे ओढलेले बरे, बाहेर पडावंच लागलं तर गडद गॉगल. दुपारी दोननंतर मात्र खुशाल उन्हात फिरावं. ही दीडची वेळ पुढे रोज साधारण तासाभराने अलीकडे येते.

यकृत आणि आतड्यांचीही आपापली घड्याळं असतात. ती उन्हापेक्षा जेवणाच्या वेळा जास्त मानतात. रात्री दोनला फरसाणाचा डबा शोधावासा वाटतो, कारण तिकडे तेव्हा दुपारचे साडेचार, चहाची वेळ! डबा उघडू नये, एवढंच सांगेन. जेवण इथल्याच वेळेला घ्यावं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डोसच्या वेळा निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात, विमानात बसून बोटांवर हिशेब करू नये.

आणि हिवाळ्यात परतत असाल, तर अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे गेलेली असतात. तेव्हा दीडऐवजी अडीच धरा.