नोटरी केलेल्या कागदावर फ्लॅट घेऊन नफ्यात पुढे विकता येतो का?

अनेक वर्षं फिरणारा समज असा: "नोटरीचं साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) आणि कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) घेतलं की घर आपलं, स्टॅम्प ड्युटी न भरता पुढच्याला नफ्यात विकता येतं."

समज पसरला, कारण कागदावर शिक्का असतो, सही असते, ताबाही मिळतो. पण नोटरी सही कोणी केली एवढंच साक्षांकित करतो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 54 सांगतं की 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. नुसत्या साठेखताने मालकी मिळत नाही. कुलमुखत्यारपत्र तर साधारणपणे देणारा वारला की संपतं. मग पुढच्या गिऱ्हाइकाची बँक कर्ज अडवते, मूळ मालकाचे वारस सहीसाठी पैसे मागतात, आणि ठरलेला नफा तिथेच जातो.

तपासायचं कसं? विक्रेत्याचा दस्त हातात घ्या. महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या दस्ताच्या पानांवर 'हवल-8 / 2345 / 12 / 58 / 2016' असा शिक्का दिसतो: कार्यालय, दस्त क्रमांक, पान, एकूण पानं, वर्ष. नोटरीच्या कागदावर तो नसतो. पण शिक्क्यावरही थांबू नका. तोच क्रमांक नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये टाकून सूची क्रमांक 2 (इंडेक्स 2, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) काढा. त्यात लिहून देणार (विकणारा), लिहून घेणार (विकत घेणारा), क्षेत्रफळ आणि मोबदला असतो. लिहून घेणाराचं नाव आज तुम्हाला विकणाऱ्याचंच आहे ना, हे बयाणा देण्याआधी बघा.