टॉवर ऑफ लंडनमधला 'व्हाइट टॉवर' : आधी दरारा, मग बाकी सगळं

टॉवर ऑफ लंडनला आपली मंडळी जातात ती कोहिनूर बघायला, तो बघून झाला की कावळ्यांचे फोटो काढतात आणि बाहेर, मधोमध जो दांडगा चौकोनी टॉवर उभा आहे त्याच्याकडे फारसं कुणी लक्षच देत नाही. खरंतर पूर्ण किल्ल्याला नाव ज्याच्यावरून पडलं तो हाच, व्हाइट टॉवर, म्हणजे आपल्या भाषेत बालेकिल्लाच म्हणा.

1066 मध्ये नॉर्मंडीच्या, म्हणजे उत्तर फ्रान्समधल्या, विल्यमने इंग्लंडच्या राजाविरुद्ध हेस्टिंग्जची लढाई जिंकली आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी वेस्टमिन्स्टरमध्ये स्वतःला राज्याभिषेक करून घेतला. पण लंडन शहर काही मनाने त्याचं झालेलं नव्हतं. मग जुन्या रोमन तटाच्या कोपऱ्यात, थेम्सला लागून, आधी घाईघाईत एक तात्पुरता कोट उभारला आणि 1070 च्या दशकाच्या शेवटी त्याच आवारात दगडी काम सुरू झालं. देखरेख होती गंडल्फ नावाच्या रॉचेस्टरच्या बिशपची, आणि काम 1100 पर्यंत चाललं, म्हणजे विल्यम तोवर वारला होता. दगड कुठला, तर बराचसा लंडनशेजारच्या केंट परगण्यातला, पण कोपऱ्यांना आणि खिडक्यांना लावायचा चांगला दगड थेट नॉर्मंडीतल्या केनहून समुद्रातून आणलेला. आपल्या गावचा दगड आणून दुसऱ्याच्या शहरात टॉवर, यातच सगळं आलं.

उंची साधारण 27 मीटर, भिंती तळाशी 15 फूट जाड. मूळ दार जमिनीवर नव्हतंच, दक्षिणेकडून पहिल्या मजल्यावर, लाकडी जिन्याने चढायचं, हल्ला झाला की जिना काढून टाकायचा. चार कोपऱ्यांपैकी तीन बुरूज चौकोनी आणि ईशान्येचा तेवढा गोल, कारण त्याच्या पोटात गोल जिना आहे. आत सेंट जॉनचं चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर आहे, जाडजूड गोल खांबांचं, मला विचाराल तर पूर्ण किल्ल्यातली सगळ्यात देखणी जागा तीच.

आणि एवढा बंदोबस्त करूनही पहिलाच कैदी पळाला! रॅनल्फ फ्लॅम्बार्ड, डरहॅमचा बिशप, आधीच्या राजाचा वसुली करणारा माणूस, म्हणून लोकांचा त्याच्यावर राग. 1100 मध्ये नव्या राजाने आत टाकला. हा पठ्ठ्या फेब्रुवारी 1101 मध्ये पहारेकऱ्यांना मेजवानी देतो, वाइनच्या पिंपात लपवून दोर आणवतो, पहारेकरी पिऊन आडवे झाल्यावर खिडकीतून खाली उतरतो आणि नॉर्मंडी गाठतो. दोराने त्याचे हात सोलवटले असं त्या काळच्या बखरकाराने लिहून ठेवलंय.

'व्हाइट' हे नाव पुढचं. 1240 मध्ये तिसऱ्या हेन्रीने टॉवरला बाहेरून चुना मारायला लावला, आणि नुसता चुना नाही, तर छपरावरचं पाणी भिंतीवर ओघळून डाग पडू नयेत म्हणून शिशाचे पन्हळ पार जमिनीपर्यंत न्या असाही हुकूम काढला. रंगकाम झाल्यावर पहिल्या पावसात भिंतीवर ओघळ बघितलेल्या कुणालाही राजाचं हे दुखणं कळेल. आज चुना नाहीये, दगड उघडाच आहे.

बुरुजांवरचे कांद्यासारखे घुमट बघून लोकांना वाटतं हे मूळचंच, तर ते सोळाव्या शतकातले. मोठ्या खिडक्या तर त्याहून नंतरच्या, मूळच्या अगदी लहान होत्या.

मला सगळ्यात भारी वाटतं ते छपराचं प्रकरण. बाहेरून टॉवर जेवढा उंच दिसतो तेवढा तो आतून नव्हताच. मूळ उतरतं छप्पर भिंतींच्या माथ्यापेक्षा बरंच खाली होतं, वर नुसत्या भिंती उचललेल्या, खालून बघणाऱ्या लंडनकराला धडकी भरावी म्हणून. पंधराव्या शतकाच्या अखेरीस छप्पर वर नेलं आणि आत आणखी एक मजला निघाला. वरच्या मजल्यावर गेलात तर भिंतीकडे नीट बघा, जुन्या छपराच्या उताराची तिरकी खूण दगडात अजून दिसते.