रिपोर्टातल्या 'सीडी ५६'ची पार्श्वभूमी

ॲक्युट मायलॉइड ल्युकेमियाच्या, म्हणजे वेगाने वाढणाऱ्या एका रक्ताच्या कर्करोगाच्या, रुग्णाचा फ्लो सायटोमेट्रीचा (पेशींवरच्या खुणा एकेक पेशी तपासून ओळखणाऱ्या चाचणीचा) रिपोर्ट हातात पडला की सीडी १३, सीडी ३३, सीडी ३४ अशी पेशींवरच्या खुणांची रांग दिसते. त्यातच कधीतरी लिहिलेलं असतं, 'सीडी ५६ : पॉझिटिव्ह'. या एका ओळीचा उगम शोधत गेलं की आपण पोचतो कोंबडीच्या अंड्यापाशी.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेराल्ड एडलमन यांच्या गटाला एक साधा प्रश्न पडला होता: पेशी एकमेकींना चिकटतात कशा? प्रतिपिंडांच्या रचनेवरच्या कामासाठी एडलमन यांना १९७२चं नोबेल मिळालं होतं, आणि तेच प्रतिपिंड इथे हत्यार म्हणून उपयोगी पडले. कोंबडीच्या गर्भाच्या दृष्टिपटलातल्या पेशी सुट्या करून ठेवल्या की त्या पुन्हा गोळा होतात. या पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांचे तुकडे त्यात मिसळले की हे गोळा होणं थांबतं. मग या तुकड्यांना निष्प्रभ करणारं प्रथिन कोणतं, ते शोधून काढलं. १९७७ साली असा हाती लागला चेतापेशींना सांधणारा रेणू, एनकॅम. मला ही युक्ती आजही फार देखणी वाटते.

रक्ताचा अभ्यास करणारे तोवर वेगळ्याच वाटेने चालले होते. १९७५मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी मोनोक्लोनल, म्हणजे एकाच खुणेला चिकटणाऱ्या एकसारख्या, प्रतिपिंडांची कृती दिली आणि जो तो पांढऱ्या पेशींवरच्या खुणांना आपापली नावं देऊ लागला. हा गोंधळ निस्तरायला १९८२च्या पॅरिस बैठकीत 'सीडी' क्रमांकांची पद्धत ठरली. नॅचरल किलर पेशींवरच्या (बिघडलेल्या पेशींना मारणाऱ्या पांढऱ्या पेशींवरच्या) एका खुणेला पुढे ५६ क्रमांक मिळाला. ती खूण म्हणजेच एनकॅम, हे १९८९मध्ये उघड झालं.

दरम्यान क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात, म्हणजे याच कर्करोगाच्या संथ वाढणाऱ्या भावंडात, चिकटपणाचा मुद्दा उलट्या बाजूने पुढे आला होता. या आजारातल्या मूळ पेशी बोन मॅरोच्या (हाडांतल्या मगजाच्या) आधारपेशींना नीट धरून राहत नाहीत, हे १९८७मध्ये दाखवलं गेलं. कच्च्या पेशी रक्तात का उतरतात, याचा एक धागा त्यातून मिळाला.

सीडी ५६ला वजन आलं ते १९९७मध्ये. आठव्या आणि एकविसाव्या गुणसूत्रांत अदलाबदल असलेला ॲक्युट मायलॉइड ल्युकेमिया उपचारांना चांगला प्रतिसाद देतो, अशी ख्याती आहे. पण त्यातही ज्यांच्या पेशींवर सीडी ५६ होतं, त्यांचा आजार लवकर उलटला. पुढे व्हीएलए-४ आणि सीडी ४४ या चिकटवणाऱ्या रेणूंकडेही लक्ष गेलं. सीडी ४४ला अडवलं की मानवी ल्युकेमियाच्या मूळ पेशी उंदरांच्या मॅरोत तग धरत नाहीत, असं २००६मध्ये टोरंटोच्या जॉन डिक यांच्या गटाने दाखवलं.

तरीही ही खूण एकट्याने वाचायची नसते. निरोगी किलर पेशींवरही ती असतेच. म्हणून लॅबमध्ये पडद्यावरच्या ठिपक्यांतून सीडी ४५ ही पांढऱ्या पेशींवरची खूण फिकट असलेल्या ब्लास्ट (कच्च्या) पेशींचा पुंजका आधी वेगळा काढतात आणि सीडी ५६ त्या पुंजक्यावर आहे का, ते मग पाहतात.