बेळगाव लोकसभा मतदारसंघ

बेळगाव हा कर्नाटकातल्या २८ लोकसभा मतदारसंघांपैकी क्रमांक २ चा मतदारसंघ. क्रमांक १ शेजारचा चिकोडी. नाव जिल्ह्याचे असले तरी अख्खा जिल्हा त्यात नाही. जिल्ह्यातल्या विधानसभेच्या १८ जागा तीन लोकसभा मतदारसंघांत विभागल्या आहेत. अरभावी, गोकाक, बेळगाव उत्तर, बेळगाव दक्षिण, बेळगाव ग्रामीण, बैलहोंगल, सौंदत्ती यल्लम्मा आणि रामदुर्ग या आठ बेळगावात येतात. निपाणी, अथणी, हुक्केरी, यमकनमर्डी धरून आठ चिकोडीत, तर खानापूर आणि कित्तूर उत्तर कन्नड मतदारसंघात, म्हणजे कारवारकडे.

सीमाभागातले मराठी मतदान नेमके या वाटणीत विखुरते. निपाणी एकीकडे, खानापूर दुसरीकडे आणि बेळगाव शहर व भोवतालची खेडी तिसरीकडे. बेळगाव मतदारसंघातल्या आठपैकी तीनच विधानसभा क्षेत्रांत मराठी मतांना खरे वजन आहे. उरलेली पाच कन्नडबहुल. त्यामुळे मराठी उमेदवाराला एकगठ्ठा मते मिळाली तरी जागा हाती लागत नाही.

तालुका आणि मतदारसंघ एकच समजण्याची चूक इथे हमखास होते. काकती, कडोली ही गावे बेळगावला खेटून आहेत, पण ती यमकनमर्डीत मोडतात. तिथला माणूस बाजाराला आणि कोर्टकचेरीला बेळगावात येतो, खासदार मात्र चिकोडीचा निवडतो. खात्री करायची तर मतदार यादीवरचा विधानसभा क्रमांक पाहावा: ११, १२ किंवा १३ असेल तर लोकसभा बेळगाव, १० असेल तर चिकोडी आणि १४ असेल तर उत्तर कन्नड.

आजच्या सीमा २००८ च्या पुनर्रचनेतल्या, २००१ च्या जनगणनेवर आखलेल्या. त्याआधी तालुक्यात बेळगाव, उचगाव आणि बागेवाडी असे विधानसभा मतदारसंघ होते. उचगाव हा सीमाभाग महाराष्ट्रात यावा यासाठी लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा बालेकिल्ला होता. पुनर्रचनेत ते नावच पुसले गेले. चिकोडीचे अनुसूचित जातींसाठीचे राखीवपणही याच वेळी संपले.

१९५२ साली जिल्हा मुंबई राज्यात होता आणि लोकसभेच्या जागा बेळगाव उत्तर व बेळगाव दक्षिण अशा दोन होत्या. उत्तरेतून काँग्रेसचे बळवंत नागेश दातार निवडून आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. पुढे १९५७ आणि १९६२ लाही दातारच विजयी झाले. १९८० ते १९९१ या काळात एस. बी. सिदनाळ यांनी काँग्रेससाठी सलग चार निवडणुका जिंकल्या. १९९६ ला जनता दलाचे शिवानंद कौजलगी आणि १९९८ ला भाजपचे बाबागौडा पाटील आले. १९९९ ला काँग्रेसचे अमरसिंह पाटील जिंकले, तर २००४ पासून चार वेळा भाजपचे सुरेश अंगडी.

या मतदारसंघाची देशभर चर्चा झाली ती १९९६ मध्ये. सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी मराठी कार्यकर्त्यांनी अर्जांचा पाऊस पाडला आणि उमेदवार झाले ४५६! कागदी मतपत्रिकेच्या जमान्यात एवढी नावे आणि चिन्हे छापणे म्हणजे यंत्रणेची परीक्षाच. त्या वेळी अनामत रक्कम होती फक्त ५०० रुपये. बेळगाव आणि उमेदवारांची अशीच गर्दी झालेल्या आंध्रातल्या नलगोंडाचा धडा घेऊन ती त्याच वर्षी १०,००० करण्यात आली (आता २५,०००, अनुसूचित जाती-जमातींना निम्मी) आणि अपक्षांना एकाऐवजी दहा सूचक लागू लागले. तरीही २०१९ ला ५७ उमेदवार उभे राहिले. एका मतदान यंत्रावर १६ बटणे असतात. ‘नोटा’ धरून ५८ झाल्याने प्रत्येक केंद्रावर चार यंत्रे जोडावी लागली.

गर्दीऐवजी एकच उमेदवार दिला तर काय होते, हे २०२१ च्या पोटनिवडणुकीत दिसले. अंगडी यांच्या निधनानंतर १७ एप्रिलला मतदान झाले. समितीचे शुभम शेळके यांना १,१७,१७४ मते पडली. भाजपच्या मंगला अंगडी यांनी काँग्रेसचे सतीश जारकीहोळी यांना अवघ्या ५,२४० मतांनी हरवले. २०१९ ला हेच मताधिक्य ३,९१,३०४ होते. अनामत वाचवायला वैध मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक मते लागतात. इथे तो आकडा दीड लाखाच्या वर होता, म्हणून शेळके यांची अनामत गेली. मतदारसंघ मात्र हादरला.

२०२४ ला दोन राष्ट्रीय पक्षांतली सरळ लढत परतली. भाजपचे जगदीश शेट्टर यांनी काँग्रेसचे मृणाल हेब्बाळकर यांचा १,७८,४३७ मतांनी पराभव केला. खानापूरच्या माजी आमदार अंजली निंबाळकर त्याच वेळी काँग्रेसकडून लोकसभेला उभ्या होत्या, पण बेळगावातून नव्हे, उत्तर कन्नडमधून. तिथे त्यांना भाजपचे विश्वेश्वर हेगडे कागेरी यांनी हरवले.