शिंगाडा : पोषणमूल्य व पचनीयता

शिंगाडा ही गोड्या, संथ पाण्यात वाढणारी ट्रापा प्रजातीतील वनस्पती. पाने पाण्यावर तरंगतात, फळ मात्र पाण्याखाली धरते. लागवडीतल्या फळाला बहुधा दोन शिंगे असतात. आतला पांढरा गर म्हणजे बी. चिनी पदार्थांत ‘वॉटर चेस्टनट’ म्हणून पडतो तो बहुधा वेगळ्याच वनस्पतीचा कंद असतो, त्यामुळे त्याचे आकडे शिंगाड्याला लावू नयेत. महाराष्ट्रात शिंगाड्याची मुख्य लागवड भंडारा, गोंदिया या तलावांच्या जिल्ह्यांत होते व ती बरीचशी ढीवर समाजाच्या हाती आहे.

भारतीय अन्नघटकांच्या जुन्या प्रचलित तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ताज्या गरात सुमारे ७० ग्रॅम पाणी, २३ ग्रॅम कर्बोदके, ४.७ ग्रॅम प्रथिने व जेमतेम ०.३ ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात; ऊर्जा ११५ किलोकॅलरी. वाळलेल्या गरात प्रथिने १३.४ ग्रॅम, कर्बोदके सुमारे ६९ ग्रॅम व ऊर्जा ३३० किलोकॅलरी. वाळल्याने गर अधिक पौष्टिक झाला असे यावरून वाटते, पण फक्त पाणी उडालेले असते. जात, पक्वता व पाण्याची प्रत यांनुसार आकडे बदलतात; काही विश्लेषणांत प्रथिने बरीच कमी भरतात. पोटॅशियम व फॉस्फरस चांगल्या प्रमाणात मिळतात. गव्हात असते ते ग्लुटेन अजिबात नसते.

उपवासाच्या ताटात शिंगाड्याचा शेजारी साबुदाणा. वाळलेला शिंगाडा घेतला तर दोघांची ऊर्जा जवळपास सारखी, परंतु साबुदाण्यात प्रथिने १ टक्काही नसतात. तरीही खिचडीचाच मान मोठा, हे चवीचे राजकारण म्हणावे लागेल.

पचनाचा प्रश्न मुख्यतः स्टार्चचा आहे. कच्च्या गरातील स्टार्चचे कण घट्ट असतात व पाचकरसांना सहज दाद देत नाहीत. पाणी आणि उष्णता एकत्र मिळाली की ते फुगून फुटतात आणि मग विकरांचे काम सोपे होते. म्हणून उकडलेला शिंगाडा कच्च्यापेक्षा हलका. शिऱ्यात भाजलेल्या पिठाला पाणी किंवा दूध घालून दणदणीत वाफ आणतात, तेव्हा स्टार्च नीट शिजतो. नुसत्या तुपावर भाजून वळलेल्या लाडवात पाणी नसल्याने तो अर्धकच्चा राहतो, वर तुपाचा भार. लाडू जड पडतो तो त्यामुळे. शिजवून गार केलेल्या पदार्थात काही स्टार्च पुन्हा घट्ट होऊन न पचता मोठ्या आतड्यात जातो. आयुर्वेदानेही शृंगाटक, म्हणजे शिंगाडा, गुरू (पचायला जड), शीत व ग्राही, म्हणजे मळ बांधणारा, सांगितला आहे. बद्धकोष्ठ असणाऱ्याने दिवसभर शिंगाड्यावर राहू नये.

कच्चा शिंगाडा दातांनी सोलण्याची सवय मात्र धोक्याची. दूषित तळ्यातल्या फळांच्या सालीवर फॅसिओलोप्सिस बुस्की या मोठ्या आंत्र-पर्णकृमीच्या सूक्ष्म पुटी, म्हणजे कवचात बंद अळ्या, चिकटलेल्या असू शकतात. सोलताना त्या तोंडावाटे आतड्यात जातात. त्यातून पोटदुखी, जुलाब व जास्त संसर्गात अंगावर सूज संभवते. माणसाप्रमाणे डुक्करही या कृमीचा आश्रयदाता असल्याने ज्या तळ्यात मैला किंवा डुकरांची विष्ठा जाते तेथील फळे अधिक जोखमीची. उकळल्याने पुटी मरतात. सांडपाण्यातील जड धातू मात्र उकळून जात नाहीत, तेव्हा तळे कोणते याची चौकशी करूनच फळ घ्यावे.