रिपोर्ट ‘नील’ आला म्हणजे पोटात जंत नाहीत?

‘शौचाच्या तपासणीत काही निघालं नाही, म्हणजे जंत नाहीतच’ हा समज घरोघरी आहे, आणि तो चुकीचा आहे. साध्या तपासणीत काचपट्टीवर जेमतेम २ मिलिग्रॅम मल घेतात. जंतांची अंडी थोडीच असतील तर तेवढ्यात ती सहज निसटतात. शिवाय जिआर्डियासारखे आतड्यातले एकपेशीय परजीवी रोज मलातून बाहेर पडत नाहीत. म्हणून एक दिवसाआड ३ नमुने द्यावेत. फॉर्मॅलिन-ईथर ही रसायनं घालून सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवलेल्या मलाचा गाळ पाहिला, तर तुरळक अंडीही हाती लागतात.

मुलांमधल्या सुतासारख्या बारीक जंतांची गोष्टच वेगळी. त्यांची मादी रात्री गुदद्वाराबाहेर येऊन अंडी घालते, मग मलात ती दिसणार कशी? त्यासाठी सकाळी, शौच-अंघोळीआधी, तिथे पारदर्शक चिकटपट्टी लावून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मुलाला रात्री तिथे खाज सुटत असेल, तर डॉक्टरांना या तपासणीबद्दल जरूर विचारा.